घंटेमागून आलेली गाडी

डोंगरातल्या त्या गावात पेट्रोलच्या गाडीला वाट नव्हती. आज्या-पणज्यांनी गावसभेत हात वर करून तसं ठरवलं होतं आणि नातवंडांनी ते मोडलं नाही. आगगाडी गावाच्या खालच्या अंगाला थांबायची. तिथून वर घरांपर्यंत माणसं, ट्रंका, दूध, लाकूडफाटा, सगळं न्यायला विजेवर चालणाऱ्या चिमुकल्या गाड्या होत्या. कपाट आडवं पाडून त्याला चाकं लावावीत तसं त्यांचं रूप. ओढ्याकाठच्या कारखान्यात त्या हातानं बनत, त्यामुळे एक दुसरीसारखी नसे. ज्याची गाडी त्याचा तिच्यावर गाईइतका जीव. घरात बसल्या बसल्या बायका सांगत, ही पाववाल्याची गेली, ही पाद्रीबाबांची.

सलोमेच्या गाडीचं नाव होतं ब्रुना. नाव मुळात गाईचं. काळी, ठेंगणी, रुंद कपाळाची गाय. उन्हाळ्यात कळप वरच्या कुरणात गेला की इतर गाईंशी शिंगं भिडवून राणी व्हायची. सलोमेचा नवरा आल्बान त्या कुरणांवरचा गुराखी. पुढे त्याचे डोळे अधू होत होत विझले, गुरं विकावी लागली, आणि नवरा-बायकोनं घरातल्या वरच्या खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. पाहुणे आणायला गाडी आली. ब्रुनाची घंटा रिकामी खुंटीला टांगणं आल्बानच्या जिवावर आलं, म्हणून रुंद चामडी पट्ट्यासकट ती गाडीच्या पुढच्या अंगाला बांधली. घंटेबरोबर नावही गेलं.

गाडी मात्र कुरकुरणारी निघाली. बसायला देवदाराची फळी, खाली लोखंडी सांगाडा, आणि मोटार अशी की चढ लागला की रडायची, उतार लागला की गुणगुणायची. त्या खडखडाटात बिचाऱ्या घंटेचा आवाज कुणाला ऐकूही येत नसे. पण आल्बानला ती गाडी अशी मानवली की विचारू नका. लाकडी पुलावर फळी खालून ठसके द्यायची. गिरणीच्या वळणावर मोटारीचा सूर चढायचा. पाद्रीबाबांच्या देवळाजवळच्या फरशीवर दात वाजायचे. गाडीत बसला की म्हातारा अख्खं गाव अंगानं वाचायचा. योग्य दारापाशी योग्य माणसाला हाक मारायचा. मागे बसलेल्या पाहुण्यांना बोटानं दाखवायचा, "हे बघा, उजव्या हाताला पाण्याचा हौद. एका झाडाच्या खोडातून कोरलाय." पाहुणे बघायचे, माना डोलवायचे. हा माणूस आंधळा आहे हे घरी पोचून त्यानं चाचपडत उंबरा ओलांडला की कळायचं. कुणाकुणाला तर जाईपर्यंत कळत नसे.

एका जागी मात्र सलोमेला हमखास खोकला यायचा. गिरणी ओलांडली की आल्बान म्हणायचा, "आता डावीकडं बघा. ते आमचं कोठार. दगडी चकत्यांवर उभं आहे, उंदीर चढू नये म्हणून. माझ्या आजोबांनी बांधलं." पाहुणे डावीकडं बघायचे आणि गप्प राहायचे, कारण तिथं काही नव्हतं. कोठार आल्बानच्या पुतण्यांच्या वाट्याला गेलं होतं. त्यांनी ते विकलं. घेणाऱ्यानं तुळईवर तुळई उतरवली, प्रत्येकीवर खडूनं खूण केली आणि दूर खालच्या शहरात खाणावळ थाटायला नेलं. त्या दिवसांत आल्बान डोळ्यांच्या इस्पितळात होता. तो परत आला तेव्हा सांगायचं सलोमेच्या जिभेवर होतं, पण पहिल्याच फेरीला त्यानं इतक्या खुशीनं बोट दाखवलं की शब्द घशातच राहिला. पुढे तर रोजचंच झालं. ब्रुनाची चाकं कोठार असतानाही त्या वळणावर तशीच वाजत होती आणि गेल्यावरही तशीच वाजत राहिली. गाडीनं गुपित राखलं.

पण गाडीचंही वय झालं. तिच्या जातीच्या बॅटऱ्या मिळेनाशा झाल्या. गारठा पडला की चढावर धाप लागायची. आणि गेल्या हिवाळ्याच्या शेवटी, बर्फ काचेसारखं झालेलं असताना, गिरणीच्या वळणावर ती मागे घसरली. मागे दोन पाहुण्या बायका होत्या. कठड्याला टेकून थांबली म्हणून बरं, कठड्यापलीकडं घळ होती. त्या संध्याकाळी सलोमे बराच वेळ हातात कप धरून बसली आणि मग म्हणाली, "आल्बान, गाडी बदलावी लागेल."

"बदल की. मी कुठं नाही म्हणतोय," आल्बान म्हणाला. "फक्त मला तिच्यात बसवू नकोस."

"मग काय करणार?"

"शेगडीपाशी बसेन. मांजर बसतं तसा."

"मांजर उंदीर तरी धरतं."

एरवी तो हसला असता. "कामिलच्या नव्या गाड्या मी ऐकल्यात. म्हणजे ऐकूच आल्या नाहीत. तसल्या गाडीत मी म्हणजे पोत्यातला बटाटा. कुठं उचलला, कुठं ओतला, बटाट्याला काय पत्ता? ब्रुनात बसलो की मी आंधळा नसतो, सलोमे. उतरलो की असतो."

सलोमेनं कप खाली ठेवला. तो बाहेर पडायचा थांबला तर काय होतं, हे तिनं शेजारच्या घरात पाहिलं होतं. माणूस आधी दारापर्यंत येतो, मग खिडकीपर्यंत, मग अंथरुणाच्या काठापर्यंत.

"घंटा तरी तू बांधशील ना?" तिनं विचारलं.

"राणीची घंटा दुसरीच्या गळ्यात घालायची ती गोठ्याच्या दारात, घरच्या पुरुषानं, तळहातावरचं मीठ चाटवून. मला नवी राणी नको. जिला हवी तिनं बांधावी."

कामिल म्हणजे कारखान्याचा मालक, सलोमेच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. गाडी पुरी व्हायला त्याला उन्हाळाभर लागला. गुरं कुरणावरून उतरली, नाशपाती वाळवून झाल्या, दरीत धुकं मुक्कामाला आलं, तेव्हा त्याचा निरोप आला. सलोमे ब्रुनाला घेऊन एकटीच गेली. वाटभर ती फळीवर हात ठेवून होती.

गावचा नियम असा की एका घराला एकच गाडी. जुनीच्या पाठीवरचा नंबराचा पत्रा उतरला की तोच नवीला लागायचा, आणि जुनी तिथल्या तिथं सुटी करून मोडीत जायची. कामिलनं स्क्रू फिरवले. पत्रा उतरला तिथं खालचा मूळचा हिरवा रंग दिसला. कोवळ्या पानासारखा.

"मावशी, रडू नको," कामिल म्हणाला.

"रडत नाही रे. तुझ्या रंगाचा वास डोळ्यात जातोय."

"रंग वाळून महिना झाला."

"मग जुन्या रंगाचा जात असेल. तू आपलं काम कर."

नवी गाडी राखी रंगाची होती, धुक्यातच उभी केली तर हरवावी अशी. कामिलनं तिच्या पाठीवर थाप मारली. "बस तर खरी. गादी, मऊ स्प्रिंगा, चाकांना जाड रबर. दुधाचं पातेलं ठेवून ने, साय हलणार नाही."

"मला साय न्यायची नाहीये. तुझ्या काकांना न्यायचंय."

"काकांना तर गादी आवडेलच."

"तुझे काका फळीचे भक्त आहेत. हिला थोडी खडखड नाही का लावता येणार?"

कामिलनं हातातला पाना खाली ठेवला. "मावशी, खडखड काढायला माझी उभी हयात गेली. आता ती कुठून आणू?"

तिनं ब्रुनाच्या गळ्यातला पट्टा सोडला आणि घंटा नवीच्या पुढे बांधली. खिशात मीठ होतं. ते काढावं की नको या विचारात ती जरा थांबली, मग हात तसाच खिशात राहू दिला. मीठ तिचं काम नव्हतं.

दारातून बाहेर पडताना तिनं मागे पाहिलं नाही. गाडी निघाली हे तिला आधी कळलंच नाही. कारखान्याची भिंत हळूच मागे सरकली तेव्हा कळलं. आवाज नाही, हादरा नाही. धुक्यातून एकेक घर पुढे येत होतं, तिच्याकडं बघत होतं आणि मागे विरघळत होतं. आपण जात नाही, गावच आपल्यापाशी येतंय आणि भेटून परत जातंय, असं तिला वाटायला लागलं. पाद्रीबाबांची मोलकरीण पायऱ्या झाडत होती. सलोमे तिच्या हाताच्या अंतरावरून गेली तरी तिनं मान वर केली नाही. हौदाच्या कठड्यावर मांजर झोपलं होतं, त्याचा कानही हलला नाही. लाकडी पूल आला आणि गेला, फळी ठसकली नाही. फक्त घंटा वाजत होती. मऊ स्प्रिंगांवर गाडी दुधाळ गाईसारखी डुलत होती, त्यामुळे घंटेचा लोळा एका कडेला जाई, थांबे, विचार करी, मग दुसऱ्या कडेला येई. सावकाश, खोल आवाज. इतकी वर्षं ब्रुनाच्या गळ्यात असूनही हा आवाज सलोमेनं गुरं विकल्यापासून ऐकला नव्हता. स्वप्नात माणूस जसं चालतं आणि पाय जमिनीला लागत नाहीत, तशी ती चढ चढत होती. तिला भीती वाटत नव्हती. आपण कुठून निघालो हे मात्र नीट आठवेना.

शेवटच्या वळणावर धुक्यातून घर पुढे आलं आणि तिचे हात गार पडले.

जिवाची खिडकी उघडी होती.

त्या भागातल्या जुन्या लाकडी घरांना निजायच्या खोलीत, भिंतीत उंचावर, तळहाताएवढं एक भोक असतं आणि त्याला लाकडी झडप. एरवी ती झडप कुणी हलवत नाही. घरात माणूस गेलं की तेवढ्यापुरती उघडतात, जिवाला बाहेर पडायला वाट म्हणून. सलोमेनं ती उघडी पाहिली होती ती सासू गेली तेव्हा.

गाडी तिनं थांबवली की आपोआप थांबली, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. ती बसून राहिली. घंटा आणखी एकदा हलली आणि गप्प झाली. मी त्याला एकट्याला ठेवून गेले, तिच्या मनात आलं. आणि दुसरं असं आलं की त्याला नव्या गाडीत बसायचं नव्हतं, नाही बसला. मग ती उतरली, पायऱ्या चढली आणि दार ढकललं.

आल्बान खोलीच्या मधोमध उभा होता. अंगात रविवारचा कोट, टोपी काढून छातीशी धरलेली, ओठ हलत होते.

"आल्बान?"

तो दचकला नाही. दाराकडं तोंड करून हळू आवाजात म्हणाला, "दारानं कशाला आलीस गं? तुझ्यासाठी खिडकी उघडलीय. ये, टेक थोडी, आणि मग जा. मी हट्ट करणार नाही. फक्त दुखलं का तेवढं सांग."

सलोमेला काही उमगेना. मग उमगलं, आणि ती बाकावरच बसली.

"अरे, मी जिवंत आहे."

"सगळे तसंच म्हणतात."

"किती मेलेल्यांशी बोलला आहेस तू?"

"फक्त आईशी. गेल्यावर येऊन म्हणाली होती, शेगडी विझलीय."

"शेगडी खरंच विझलीय. आणि तू कोट घालून उभा आहेस. तुझी कवतिकं तुलाच ठाऊक."

तो पुढे आला, हवेत हात फिरवत तिचा हात शोधला, धरला. "गार आहे," तो म्हणाला.

"धुक्यातून आलेय. गरम असता तर काळजी होती."

मग तो तिच्या शेजारी बसला. बोलताना आवाज अजून ठिकाणावर नव्हता. "मला घंटा ऐकू आली. ब्रुनाचीच, माझ्या हाताची आहे, चुकेन कसा? पण सावकाश, प्रेतामागं वाजते तशी. आणि तिच्या मागं काही नाही. मोटार नाही, चाक नाही, पाऊल नाही. कुरणावर म्हातारे सांगायचे, मेलेल्यांची रांग बर्फावरून उतरते तेव्हा अशीच येते. पुढे घंटा, मागे पावलं नाहीत. मला वाटलं गिरणीपाशी घसरलात, तू आणि ब्रुना दोघी. म्हटलं, घरी येतेय तर वाट तरी मोकळी असावी."

"आणि मी खालून झडप उघडी पाहिली," सलोमे म्हणाली. "मला वाटलं, तू गेलास."

 आधी आल्बानचा खांदा हलायला लागला, मग तिचा. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि रंगाचा वास तर इथं नव्हता.

"आता ती झडप लाव," ती म्हणाली. "थंडी येतेय."

"नुसती कशी लावायची? उघडली की काहीतरी बाहेर जावं लागतं. नाहीतर ती वाट बघत बसते."

"मग ब्रुना गेली म्हण."

आल्बाननं त्यावर विचार केला. "ती या घरात कुठं राहत होती?"

"तुझ्या डोक्यात राहत होती."

तो उठला. भोकाखाली दोघं उभी राहिली. बाहेरून धुक्याचा गारवा आत येत होता आणि खोलीतला उबारा बाहेर जात होता, दोघंही एकाच वाटेनं, एकमेकांना न अडवता. थोड्या वेळानं आल्बाननं हात उंच करून झडप लोटली.

"तुला खाली जायचंय ना? संध्याकाळच्या आगगाडीनं पाहुणे आहेत."

"जायचंय. तू बस शेगडीपाशी."

"नको. तू पुन्हा एकटी घंटेमागून यायचीस आणि मी पुन्हा टोपी काढून उभा. एका दिवसात किती वेळा मरशील? मीठ कुठं आहे?"

"माझ्या खिशात."

अंगणात त्यानं गाडीला हात लावून पाहिलं. छपरावरून, कडेवरून, पुढच्या अंगापर्यंत, गाय विकत घेताना पाठ चाचपतात तसं. घंटेचा पट्टा त्याला एक भोक ढिला वाटला, तो त्यानं आवळला. मग तळहातावर मीठ घेऊन गाडीच्या तोंडाला फासलं. "हं," म्हणाला आणि आत बसला. गादीवर बसताना चेहरा असा केला, जसं कुणी चिखलात बसवलंय.

गाडी निघाली आणि पहिल्याच वळणावर त्याचा हात दांड्याला गच्च आवळला गेला. चेहरा पांढरा पडला. गावातल्या रस्त्यावर सलोमेनं त्याला असा कधी पाहिला नव्हता.

"कुठं आहोत?"

"आत्ता आपण..."

"सांगू नको." थोड्या वेळानं पुन्हा, "थांबवू नको."

तिनं थांबवली नाही. थांबवली असती तर तो उतरला असता, आणि उतरला असता तर पुन्हा बसला नसता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. धुकं काचेला नाक लावून होतं. घंटा गेली, थांबली, आली. गेली, थांबली, आली. आल्बाननं मान तिरपी केली. दांड्यावरचं एक बोट सुटलं, मग दुसरं.

"कुरणावर धुकं पडलं की आम्ही गाय कशी शोधायचो, ठाऊक आहे?" तो म्हणाला. "घंटा कुठं वाजते ते ऐकायचं नाही. तिला कोण उत्तर देतं ते ऐकायचं. कडा असेल तर तसंच परत देतो. झाडं अर्धं खातात. पाणी पातळ करतं." पुन्हा घंटा झाली. "हे देऊळ. दगड आहे." पुढे गेल्यावर, "ही झाडं. अर्धं खाल्लं." मग काहीशा रागानं, "ब्रुना कधी कुणाला बोलूच द्यायची नाही. स्वतःच बडबडायची."

सलोमेला बरं वाटलं, आणि त्याच घडीला कोठार आठवलं. गिरणीचं वळण पुढे होतं. तिनं खोकून पाहिलं, पण खोकल्यानं घंटा झाकेना.

खालून गिरणीच्या भिंतीनं उत्तर दिलं. आल्बाननं मान हलवली, उतरताना कोठार उजवीकडं म्हणून उजवा हात सवयीनं वर उचलला, बोट पुढे केलं. घंटा गेली, थांबली, आली. उजवीकडून काही परत आलं नाही.

बोट हवेत राहिलं.

"मागं घे जरा," तो म्हणाला.

तिनं गाडी मागं घेतली.

"आता पुढं."

घंटा पुन्हा डुलली. गिरणी बोलली. उजवीकडं सगळं मोकळं होतं, आवाज त्या मोकळ्यात गेला तो गेलाच.

"कधी गेलं?"

"तू इस्पितळात होतास तेव्हा." ती रस्त्याकडं बघत होती. "पुतण्यांनी विकलं. तुळया मोजून नेल्या. चकत्या तेवढ्या आहेत, गवतात."

"म्हणजे मी रोज दाखवत होतो ते..."

"हो."

"पाहुणे काय म्हणायचे?"

"बघायचे. एका बाईनं फोटोही काढला."

"कशाचा?"

"तू बोट दाखवलंस त्याचा."

 सलोमे वाट बघत होती की आता तो म्हणेल, मला घरी सोड. गाडी उभी होती आणि उभी असल्याचाही आवाज नव्हता. मग आल्बाननं टोपी काढली, दुपारी तिच्यासाठी काढली होती तशीच, आणि छातीशी धरली. थोड्या वेळानं पुन्हा डोक्यावर घातली, कानांवर ओढली.

"झडप उगाच नव्हती उघडली," तो म्हणाला. "चल. माणसं गारठली असतील."

स्टेशनात एक म्हातारं जोडपं उभं होतं, दूरच्या सपाट मुलखातलं, डोंगराला नवखं. सलोमेनं त्यांच्या ट्रंका मागं चढवल्या. वर येताना आल्बान नेहमीसारखा वळून बोलायला लागला, पण घंटेला मधे मधे जागा देत, सावकाश. पूल दाखवला. हौद दाखवला, त्यात मात्र चुकला. हौद मागं पडला होता. "नवी आहे," तो पाहुण्यांना म्हणाला, "अजून ओळख व्हायचीय." गिरणी ओलांडली तसं त्यानं बोट डावीकडं नेलं.

"आता इकडं बघा. इथं आमचं कोठार होतं. दगडी चकत्यांवर, उंदीर चढू नये म्हणून. माझ्या आजोबांनी बांधलं होतं."

पाहुण्यांनी काच पुसली आणि बाहेर पाहिलं. सलोमेला खोकला आला नाही.